गोळी कधी खाल्लीच नाही, तरी जंतू औषधाला दाद का देत नाही?

या महिन्यात पत्रं आणि मेसेज मिळून बरेच प्रश्न आलेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त अँटिबायोटिकबद्दलचेच आहेत, त्यामुळं बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवलेत. विट्याच्या ताईंचा प्रश्न सगळ्यात आधी घेतोय आणि त्यालाच जास्त जागा देतोय, कारण हा प्रश्न मला सांगलीत मायक्रोबायॉलॉजी शिकवताना दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचंच.

प्रश्न : आमच्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. दवाखान्याची पायरी त्या क्वचितच चढल्यात, ताप आला तरी काढा आणि पेज एवढ्यावरच भागवणार. गेल्या महिन्यात लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप आला म्हणून डॉक्टरांनी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करायला सांगितलं. रिपोर्टात १४ औषधांची नावं होती, त्यातल्या ९ च्या पुढं 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू न पडणारं, असं लिहिलेलं आणि खाली 'ईएसबीएल पॉझिटिव्ह'. लॅबमधला मुलगा म्हणाला अँटिबायोटिक जास्त खाल्लं की असं होतं. पण त्यांनी खाल्लंच नाही! मग त्यांच्या शरीराला सवय लागली कशी? — एक वाचक भगिनी, विटा

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे सासूबाईंच्या शरीराला कसलीही सवय लागलेली नाही, हे त्यांना आवर्जून सांगा, कारण वय झालेल्या माणसाच्या कानावर असं काही पडलं की आपलंच काहीतरी चुकलं असं त्यांना वाटत राहतं. औषधाला दाद देत नाहीये तो जंतू. माणूस नाही.

आता तो जंतू असा झाला कसा. आपण सगळे एवढंच ऐकून असतो की औषध चुकीचं किंवा अर्धवट घेतलं की काही जंतू वाचतात, वाचलेले वाढतात आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. हे खरंय, पण ही निम्मीच गोष्ट आहे आणि तुमचं उत्तर उरलेल्या निम्म्यात आहे. जंतूच्या पेशीत त्याचा मुख्य डीएनए असतो, आणि बऱ्याच जंतूंत त्याशिवाय डीएनएची एक छोटी गोल कडी वेगळी असते तिला प्लाझ्मिड म्हणतात, हा शब्द अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली रूढ केला. मुख्य डीएनए म्हणजे सातबारा धरा, तो वारसानंच पुढं जाणार, आईकडून लेकरांकडं. प्लाझ्मिड म्हणजे लोणच्याच्या रेसिपीचा कागद, शेजारणीनं मागितला की उतरवून दिला, आपल्याकडचा आपल्याकडं राहिला आणि तिच्याकडंही एक झाला, आणि ती शेजारीण नात्यातली असायला पाहिजे असंही काही नाही. आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूकडचं प्लाझ्मिड क्लेबसिएला या दुसऱ्या जंतूला जातं, साल्मोनेलाला जातं, हगवणीच्या शिगेलाला जातं.

देणारा जंतू एक बारीक धागा बाहेर काढतो, त्याला पायलस म्हणतात, तो दुसऱ्याला चिकटतो आणि त्याला जवळ ओढतो, मग प्लाझ्मिडच्या दोन पदरांपैकी एक पदर कापला जाऊन पलीकडं सरकतो आणि दोन्हीकडं राहिलेल्या एकेका पदरावरून जोडीचा पदर नव्यानं बांधला जातो. झालं. काही मिनिटांचं काम.

हे आम्ही कॉलेजात करून दाखवायचो. एका ई. कोलायकडं ॲम्पिसिलिनला दाद न देणारं प्लाझ्मिड, दुसरा ई. कोलाय फक्त स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारा. दोन्ही औषधं घातलेल्या प्लेटवर पहिला एकटा टाकला तर मरतो, दुसरा एकटा टाकला तर तोही मरतो. पण दोघं तासभर एका नळीत एकत्र ठेवून मग ते मिश्रण तशाच प्लेटवर टाकायचं, प्लेट ३७ डिग्रीला ठेवायची आणि सकाळी येऊन बघायचं, पांढरे ठिपके उठलेले असायचे. पोरं आधी म्हणायची सर प्लेटमध्ये काहीतरी चुकलंय, मग बाजूच्या दोन मोकळ्या प्लेटा बघून गप्प व्हायची. त्या शांततेसाठीच मी ते प्रॅक्टिकल कधी गाळलं नाही.

आणि हे कळलं कसं तेही सांगतो कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये हगवणीची मोठी साथ होती, आधी सल्फाची औषधं चालली, ती निकामी झाली, मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल आली, आणि १९५० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांना असे शिगेला जंतू सापडायला लागले जे या चारही औषधांना एकदम दाद देत नव्हते. आता हिशोब करा. एका औषधाला न जुमानणारा बदल आपोआप व्हायला समजा १० कोटी जंतूंत एक एवढी शक्यता धरली, तर चार बदल एकाच जंतूत एकदम होणं जवळपास अशक्यच. शिवाय त्याच पेशंटच्या पोटातला साधा ई. कोलायसुद्धा नेमक्या त्याच चार औषधांना दाद देत नव्हता. म्हणजे दोघांनी एकमेकांकडून काहीतरी घेतलं असणार. १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा यांच्या गटांनी हे दोन जंतू नळीत एकत्र वाढवून तेच सिद्ध केलं, चारही औषधांची ताकद एकगठ्ठा इकडून तिकडं जाते. पुढं १९६३ मध्ये त्सुतोमु वातानाबे यांनी इंग्रजीत सविस्तर लेख लिहिला तेव्हा कुठं बाकी जगानं हे मनावर घेतलं.

तुमच्या रिपोर्टातलं ईएसबीएल म्हणजे जंतूनं बनवलेलं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम करणारं प्रोटीन, ते पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन कुळातल्या औषधांचा मधला चौकोनी भाग फोडून टाकतं, म्हणून त्या कुळातली बहुतेक सगळी औषधं एका फटक्यात 'आर' झाली. भारतात जास्त करून जो जीन, म्हणजे एखाद्या कामाची कृती लिहिलेला डीएनएचा तुकडा, हे एन्झाइम बनवतो त्याचं नाव सीटीएक्स-एम, आणि तो मूळचा ई. कोलायचा नाहीच. तो आहे क्लुयव्हेरा नावाच्या जंतूच्या मुख्य डीएनएतला, माती-पाण्यात राहणारा गरीब जंतू, माणसाला सहसा काही करत नाही. तिथून डीएनएचा उडी मारणारा एक तुकडा या जीनला सोबत घेऊन निघाला, प्लाझ्मिडवर येऊन बसला आणि प्लाझ्मिडानं त्याला जगभर फिरवलं. बाकीच्या कुळातल्या औषधांचे प्रतिरोधी जीनही बऱ्याचदा त्याच प्लाझ्मिडवर असतात, म्हणून १४ पैकी ९.

आता सासूबाईंकडं तो आला कसा. खाण्यापाण्यातून, घरातल्या कुणाच्या हातातून, लग्नाच्या पंगतीतून, गोठ्यातून, नेमकं कुठून ते कुणीच सांगू शकणार नाही. नेदरलँड्समध्ये सुमारे २००० प्रवाशांची परदेशी जाण्याआधी आणि आल्यावर शौचाची तपासणी केली होती, २०१७ साली ते छापून आलं, त्यात आधी ईएसबीएलवाले जंतू नसलेल्या आणि दक्षिण आशियात म्हणजे आपल्या भागात येऊन गेलेल्या लोकांपैकी ७५ टक्के लोक ते आतड्यात घेऊन परत गेले. पाहुणे काही आठवडे राहिले तर ही गत, आपण तर इथं जन्म काढतो. ते जंतू आतड्यात गुपचूप पडून असतात, त्रास काही नाही, आणि बायकांत तिथून लघवीच्या मार्गापर्यंतचं अंतर कमी असल्यानं एक दिवस वर चढतात. तेव्हा लॅबमधल्या मुलाचं बोलणं अर्धवट होतं आणि त्यानं पेशंटवर ठपका गेला याचं मला वाईट वाटतं. जास्त औषध कुणीतरी खाल्लं हे खरं, पण ते सासूबाईंनीच खाल्लं असं कुठं आहे.

उपचाराचं म्हणाल तर रिपोर्टात ज्या ५ औषधांपुढं 'एस' आहे त्यातून डॉक्टर निवडतील, तुम्ही मेडिकलमधून परस्पर काही बदलू नका. आणि ताप-जळजळ गेल्यावर मनाच्या समाधानासाठी पुन्हा कल्चर करत बसू नका, वयस्कर बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात आणि त्रास नसेल तर सहसा त्यावर औषध लागत नाही, उलट दिलं तर चांगले जंतू मरून असल्यांनाच जागा मोकळी होते.

एक घरचंच सांगतो. माझे वडील शेवटी आयसीयूत होते तेव्हा त्यांच्या क्लेबसिएलाच्या रिपोर्टात मेरोपेनेम या राखून ठेवलेल्या औषधापुढंसुद्धा 'आर' होतं, उरलं होतं फक्त कोलिस्टिन, किडनीला जड जाणारं जुनं औषध. मेरोपेनेम फोडणारा एनडीएम-१ नावाचा जीन २००८ मध्ये स्वीडनमधल्या भारतीय वंशाच्या एका पेशंटकडं पहिल्यांदा सापडला, तो पेशंट आधी दिल्लीत दवाखान्यात होता, आणि २०११ मध्ये दिल्लीच्या डबक्यांत आणि काही नळांच्या पाण्यातही तो जीन मिळाला. मी हे सगळं वर्गात शिकवलेलं होतं. तरी तो कागद हातात घेऊन जिन्यात किती वेळ उभा होतो मला आठवत नाही. म्हणून हे उत्तर एवढं लांबलंय ताई, लोकांना हे कळावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : आमच्या म्हशीला दगडी झाली म्हणून डॉक्टरांनी सडात ट्यूब सोडली आणि इंजेक्शन दिली. तिसऱ्या दिवशी घरी ठेवलेल्या दुधाला विरजणच लागलं नाही, दोनदा लावलं तरी दूध तसंच. हे दूध खराब आहे का? उकळून चालेल का? — एक शेतकरी, पलूस

उत्तर : दादा, तुमच्या घरी न कळत एक टेस्टच झाली. विरजणातले जंतूही जंतूच, दुधात उतरलेल्या औषधानं ते मेले म्हणून दही लागलं नाही. उकळल्यानं जंतू मरतात, औषधाचा अंश मात्र बराचसा तसाच राहतो. ट्यूबवर आणि बाटलीवर दूध किती दिवस वापरायचं नाही ते छापलेलं असतं, औषधागणिक ते वेगळं असतं, नाही सापडलं तर डॉक्टरांना फोन करून विचारा आणि तेवढे दिवस ते दूध घरीही नको आणि डेअरीलाही नको. तुमच्या एका किटलीनं संकलन केंद्रावरच्या सगळ्या कॅनमध्ये तो अंश जातो. नुकसान होतं हे मला माहितीय, ऐन दुधाच्या दिवसांत चार-पाच दिवस दूध ओतून द्यायचं म्हणजे पोटात गोळा येतो.

पण एक गोष्ट लोक हमखास करतात ती करू नका, ते दूध रेडकाला पाजू नका. थोड्या थोड्या औषधाचं दूध रोज पोटात गेलं की रेडकाच्या आतड्यात दाद न देणारेच जंतू माजतात, ते शेणात येतात, शेण हाताला लागतं, आणि वर विट्याच्या ताईंना सांगितलेली देवाणघेवाण तिथं सुरू होते. शेणखतही नीट कुजू द्या, ढीग आतून चांगला तापला की जंतू बरेच कमी होतात. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांच्या तपासणीतून असंच पुढं आलं होतं की कोलिस्टिनला न जुमानणारा जीन प्लाझ्मिडवर आलाय, त्यानंतर आपल्याकडं २०१९ च्या जुलैत खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. ज्या औषधावर माझ्या वडिलांची शेवटची भिस्त होती ते तोपर्यंत कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढवायला घालत होते.

प्रश्न : बारावीच्या पुस्तकात प्लाझ्मिड आहे, पण क्लासच्या सरांनी ट्रान्सपोझॉन आणि इंटेग्रॉन असे शब्द वापरले. यातला फरक सोप्या भाषेत सांगाल का? — एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : बाळा, तुझ्या पुस्तकातल्या पीबीआर३२२ वर ॲम्पिसिलिन आणि टेट्रासायक्लिनला न जुमानणारे दोन जीन दाखवलेत ना, तेच सगळ्याचं छोटं रूप आहे, फक्त लॅबमध्ये ते मुद्दाम वापरतात. प्लाझ्मिड एका जंतूतून दुसऱ्यात जातं. ट्रान्सपोझॉन स्वतः पेशीबाहेर जात नाही, तो डीएनएवर एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर बसतो, मुख्य डीएनएवरून प्लाझ्मिडवर, या प्लाझ्मिडवरून त्या प्लाझ्मिडवर. म्हणजे प्रवासी ट्रान्सपोझॉन आणि एसटी प्लाझ्मिड, सातारा स्टँडवर गाडी बदलावी तसा हा बदलतो. असे उडी मारणारे जीन बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या कणसावरचे ठिपकेवाले दाणे बघून १९४० च्या दशकात शोधले, कितीतरी वर्षं लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, १९८३ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांना एकटीला नोबेल मिळालं. जंतूंतल्या प्रतिरोधी जीनच्या उड्यांना ट्रान्सपोझॉन हे नाव १९७४ मध्ये हेजेस आणि जेकब यांनी दिलं.

इंटेग्रॉन मला सगळ्यात विलक्षण वाटतो. १९८९ मध्ये स्टोक्स आणि हॉल यांनी तो मांडला. तुझ्या घरी शेती असेल तर लगेच कळेल, एक मोटर आणि तिच्या पाटावर एकामागं एक वाफे. मोटर म्हणजे प्रमोटर, जीन चालू करणारा डीएनएचा भाग, वाफे म्हणजे सुटे जीन, त्यांना कॅसेट म्हणतात, आणि इंटेग्रेझ नावाचं एन्झाइम नवीन कॅसेट आणून बहुतेक वेळा पाटाच्या तोंडाशी बसवतं. पाटाच्या तोंडाला पाणी जास्त आणि शेवटाला कमी, तसंच पहिल्या कॅसेटचं काम जोरात चालतं आणि शेवटची मंद. आणि पुढचं वाचून तू थांबून विचार करशील, जंतूच्या डीएनएवर ताण आला, आणि काही अँटिबायोटिकनं तो येतोच, की हे एन्झाइम जास्त बनतं आणि वाफ्यांचा क्रम बदलायला लागतो, म्हणजे शेवटी पडलेला जीन पुढं येऊ शकतो. इंटेग्रॉन ट्रान्सपोझॉनवर बसतो, ट्रान्सपोझॉन प्लाझ्मिडवर, प्लाझ्मिड जंतूत. जंतूंना लागण करणारे व्हायरस, म्हणजे फेज, तेही कधीकधी असे जीन वाहून नेतात, पण परीक्षेला तेवढं नाही विचारणार.

आणि हे सगळं माणसानं औषध शोधल्यावर सुरू झालं असं समजू नकोस. कॅनडातल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या जमिनीतल्या डीएनएत व्हँकोमायसिनला दाद न देणारे जीन मिळालेत, २०११ चं संशोधन आहे ते. जीन जुनेच आहेत, आपण अँटिबायोटिकचा मारा करून त्यांचा भाव वाढवला.

प्रश्न : डाळिंबावर तेल्या पडला की आम्ही स्ट्रेप्टोसायक्लिन फवारतो. याचा माणसाच्या औषधाशी संबंध आहे का? — आटपाडी

उत्तर : आहे. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही माणसाचीच औषधं आहेत, फवारा पानावर पडतो तसा मातीवरही पडतो आणि मातीतल्या जंतूंना निवडून काढतो. केंद्र सरकारनं २०२१ च्या डिसेंबरात शेतीतल्या या वापरावर बंदीचा मसुदा काढला होता. बागेची स्वच्छता, रोगट फांद्या छाटून जाळणं, कात्री निर्जंतुक करून वापरणं आणि रोगमुक्त रोपं, यावर भर द्या, बाकी कृषी सहायकांशी बोला.

प्रश्न : टीबीचं औषध लागू पडत नाही तेही प्लाझ्मिडमुळंच का? — मिरज

उत्तर : नाही. टीबीच्या जंतूत ते त्याच्या स्वतःच्या मुख्य डीएनएत झालेल्या बदलांनी होतं, शेजाऱ्याकडून घेऊन नाही. म्हणूनच तिथं एकदम चार औषधं देतात आणि तिथं कोर्स मधे सोडणं फार महागात पडतं.

प्रश्न : माझं मेडिकल आहे. शेड्यूल एच-१ चं, म्हणजे विकताना नोंद ठेवावी लागते त्या औषधांचं, रजिस्टर ठेवतो, लाल रेघेच्या पट्ट्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत हे माहितीय. पण सर्दीला 'दोन गोळ्या द्या अझिथ्रोमायसिनच्या' म्हणून दिवसाला कितीतरी माणसं येतात, मी नाही म्हटलं की पुढच्या दुकानातून घेतात. माझ्या एकट्याच्या नाही म्हणण्यानं काय फरक पडतो? — एक औषध विक्रेता, कराड

उत्तर : तुमच्या पत्राचं उत्तर मी दोनदा लिहून फाडलं, कारण तुम्ही मनापासून विचारलंय आणि तुम्हाला नुसता नियम सांगून भागणार नाही. एच-१ चा नियम १ मार्च २०१४ पासून आहे, तुम्ही तो पाळताय, गिऱ्हाईक जातं तरी पाळताय.

फरक पडतो का? प्लाझ्मिड सांभाळणं जंतूला थोडंफार महागच पडतं, त्याची नक्कल करायची, त्याची प्रोटीन बनवायची, त्यामुळं औषधाचा मारा नसेल तर बिनप्लाझ्मिडवाले जंतू जरा पुढं जातात. पण काही प्लाझ्मिडांवर एक विष आणि त्याचा उतारा अशी जोडी असते, विष टिकाऊ आणि उतारा लवकर विरघळणारा, म्हणजे ज्या पिल्लाकडं प्लाझ्मिड आलं नाही त्याच्यात उतारा संपतो, विष उरतं आणि ते मरतं. त्यामुळं औषध थांबवलं की सगळं लगेच पहिल्यासारखं होईल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. तरी वर सांगितलेल्या डच प्रवाशांत ते जंतू निम्म्या लोकांच्या पोटातून साधारण महिन्याभरात गेले होते, वर्षानंतर ११ टक्के लोकांतच राहिले. म्हणजे नवीन भर पडली नाही तर ते निघूनही जातात, आणि तुमच्या काउंटरवर नाही म्हणणं म्हणजे ती भर थांबवणं.

गिऱ्हाइकाला हे सगळं सांगत बसायला तुम्हाला वेळ नसतो हेही कळतं. एवढंच सांगा. बेल्जियममध्ये २२४ धडधाकट माणसांवर अभ्यास झाला होता, २००७ साली छापून आला, त्यात काहींना अझिथ्रोमायसिन फक्त ३ दिवस दिलं, आणि त्यांच्या घशात या औषधाला दाद न देणारे जंतू १८० दिवसांनंतरही औषध न घेतलेल्यांपेक्षा जास्त होते. सर्दी व्हायरसची, ती आठवड्यात जाते, गोळी घेतली तरी आणि नाही घेतली तरी, घशातले जंतू मात्र सहा महिने तसेच राहतात. घरात नातवंडं असतील तर तेही बोला, आजी-आजोबा लगेच ऐकतात असा माझा अनुभव आहे. आणि सोबत पॅरासिटामॉल, मिठाच्या गुळण्या, आणि ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, दम लागला किंवा लेकरू खायला-प्यायला मागेना तर डॉक्टरकडं, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काउंटरवर चिकटवा. नमुना पाहिजे असेल तर संपादकांकडं पत्ता द्या, मी हातानं लिहून पाठवतो.